खिडकीवरचा कारकून

राउंडक्यूब या वेबमेल प्रोग्रामला पाहून कुणी हरखून गेल्याचं ऐकिवात नाही. पांढरं पान, वर छोटंसं चिन्ह, खाली दोन चौकटी, एक नावाची, एक पासवर्डची, आणि एक बटण. आत गेलं की डावीकडे फोल्डर, मध्ये पत्रांची यादी, उजवीकडे उघडलेलं पत्र. तो नाव घेऊन शुभ सकाळ म्हणत नाही. तुमच्या पत्रातले शब्द हेरून जाहिरात सरकवत नाही. अर्धं वाक्य लिहिलंत तर उरलेलं स्वतःच पुरं करण्याचा आगाऊपणाही करत नाही. पोस्टाच्या खिडकीमागे मान खाली घालून बसलेल्या कारकुनाची सगळी लक्षणं त्याच्यात आहेत. काम सांगा, होईल. गप्पा मारायच्या तर दुसरीकडे जा.

आपल्याकडे कित्येकांनी त्याच्याशी वर्षानुवर्षं व्यवहार केला, पण त्याचं नाव काही त्यांच्या कानावर गेलं नाही. शाळेची, पतसंस्थेची, एमआयडीसीतल्या कारखान्याची वेबसाइट भाड्याच्या होस्टिंगवर असते. तिथल्या सीपॅनलमधून 'वेबमेल' उघडलं की समोर येतो तो बहुधा हाच. लोक त्याला 'ऑफिसचं मेल' म्हणतात आणि पुढे जातात. खिडकीवरच्या कारकुनाचं नाव कोण विचारतं? त्याने रजा घेतली की मात्र सगळ्यांना आठवण होते.

स्वतःचा मेल सर्व्हर चालवणाऱ्याला हे नाव, आणि या जागेसाठी अर्ज केलेली आणखी चार-पाच नावं, कधी ना कधी समोर ठेवून बसावं लागतं. मागच्या खोलीतल्या मंडळींबद्दल फारसे वाद नसतात. टपाल आणायला-न्यायला पोस्टफिक्स, जो वित्से वेनेमा यांनी आयबीएमच्या संशोधनशाळेत असताना लिहिला. आलेलं टपाल खणाखणांत लावून ठेवायला आणि मागितलं की काढून द्यायला डव्हकॉट, फिनलंडच्या टिमो सिराइनेन यांचा. हे दोघं कामाला वाघ, पण लोकांसमोर कधी येत नाहीत. खरी खडाजंगी होते ती खिडकीवर कुणाला बसवायचं यावरून, कारण सगळ्या कार्यालयाला दिसणार तो तोच. आणि ही नेमणूक वाटते तितकी सोपी नसते. या जागेवरच्या माणसाकडे मालकी कशाचीच नसते. विश्वास मात्र सगळा त्याच्यावर टाकावा लागतो.

म्हणजे काय, ते लॉगिनच्या वेळीच पाहा. तुम्ही पासवर्ड टाकता. तो घेऊन राउंडक्यूब डव्हकॉटकडे जातो आणि आयमॅपच्या ठरलेल्या भाषेत विचारतो, की हे गृहस्थ खरे का? डव्हकॉटने मान डोलावली की तुम्ही आत. पासवर्डांचं स्वतःचं रजिस्टर राउंडक्यूब ठेवत नाही. पत्रंही त्याच्याकडे नसतात. यादी हवी, की गेला आणि घेऊन आला. पत्र उघडलं, की पुन्हा गेला. या प्रत्येक खेपेला डव्हकॉट ओळख मागणार, आणि प्रत्येक खेपेला तुम्हाला पासवर्ड विचारला तर तुम्ही खिडकीची काच फोडाल. म्हणून तुम्ही बसलेले असेपर्यंत तो तुमचा पासवर्ड कुलूपबंद करून सेशनमध्ये ठेवतो. त्या कुलपाची किल्ली त्याच्या कॉन्फिग फाइलमध्ये असते, 'डेस की' या नावाखाली, चोवीस अक्षरांची. सोबत येणाऱ्या मूळ फाइलमध्ये नमुन्याची एक किल्ली लिहिलेली असते, आणि गंमत म्हणजे 'चोवीस बाइटची डेस किल्ली' असं इंग्रजीत त्या अक्षरांतच गोवलेलं आहे. जगातल्या प्रत्येक डाउनलोडमध्ये तीच किल्ली. इन्स्टॉलर वापरला तर तो नवी पाडून देतो. हाताने फाइल लिहिणाऱ्याने ती स्वतः बदलायची, आणि मांडामांड झाली की तो इन्स्टॉलरही काढून टाकायचा. साध्या दिसणाऱ्या या माणसाच्या खिशात दिवसभर साऱ्या कार्यालयाच्या किल्ल्या खुळखुळत असतात, हे त्याला कामावर ठेवणाऱ्याने विसरू नये.

त्याचा जन्म २००५ चा, स्वित्झर्लंडमधल्या टोमास ब्रूडरली यांच्या हातचा. आदल्याच वर्षी जीमेल आलं होतं आणि पान पुन्हा न उघडता आतल्या आत मजकूर बदलता येतो, हे लोकांनी पाहिलं होतं. तेच आपल्या स्वतःच्या सर्व्हरवर, पीएचपीत लिहून, फुकट आणि मोकळ्या परवान्यात मिळावं, एवढीच हौस. स्वभाव पहिल्यापासून भिडस्त. लाखो लोक वापरत होते, तरी स्वतःला '१.०' म्हणवून घ्यायला त्याने एप्रिल २०१४ उजाडू दिला. मधल्या काळात कपडे दोन-चारदा बदलले. 'लॅरी' नावाचा करडा पोशाख बरीच वर्षं चालला. तो डेस्कटॉपवर शोभायचा आणि मोबाइलवर चिमुकला व्हायचा. २०१९ च्या अखेरीस, १.४ या आवृत्तीबरोबर 'इलॅस्टिक' आला, तेव्हा कुठे फोनच्या पडद्यावर तो बोटाला नीट सापडू लागला. २०१५ मध्ये त्याला मुळापासून नव्याने घडवायचं म्हणून लोकवर्गणीही काढली होती. लाख डॉलरच्या वर जमले, पण तो नवा अवतार काही बाहेर आला नाही. जुनाच माणूस रोज कामावर येत राहिला. नोव्हेंबर २०२३ मध्ये जर्मनीच्या नेक्स्टक्लाउडने त्याला आपल्या घरात घेतलं. त्याने नाव बदललं नाही, खिडकीही बदलली नाही.

याच खुर्चीसाठी आलेले बाकीचे अर्ज काही कमी वजनाचे नव्हते. स्क्विरलमेल वयाने सगळ्यांत मोठे नसले तरी वागण्याने आजोबा. १९९९ मधले. जावास्क्रिप्टशिवाय, निव्वळ साध्या एचटीएमएलवर चालणारे. मंद लाइनवरही यांचं पान चटकन उघडायचं. आपल्या पंतप्रधान कार्यालयानेही एके काळी आउटलूक एक्सप्रेसच्या दुखण्यांना कंटाळून यांनाच बोलावलं होतं. पण यांची शेवटची पक्की आवृत्ती २०११ ची. आदर असावा, नेमणूक नसावी. होर्डे त्यांच्याहूनही थोडा जुना, सुरुवात १९९८ ची. पत्रं, कॅलेंडर, कामांची यादी, टिपणं, सगळं एकटा करणार. पण त्याच्या कपाटांची व्यवस्था लावता लावता कार्यालयाची वेळ संपते, आणि २०२२ मध्ये त्याच्यात एक गंभीर भोक सापडलं तेव्हा दुरुस्तीसाठी धावून येणारी माणसं जवळपास उरलेली नव्हती.

रेनलूप दिसायला सगळ्यांत देखणा. डेटाबेस लागत नाही, फाइल उतरवली की पाच मिनिटांत कामाला. त्याच्यातही २०२२ मध्ये असंच एक भोक निघालं, कळवूनही मूळ कर्त्यांकडून उत्तर येईना. त्याच्याच कोडमधून वेगळा निघालेला स्नॅपीमेल त्याहून चपळ आणि हलका. छोट्या घरगुती सर्व्हरसाठी आजही कुणी सुचवलं तर नाक मुरडण्याचं कारण नाही. फक्त त्याचा बहुतेक भार एकाच माणसाच्या खांद्यावर आहे, हे समजून घ्यावं. सोगो मात्र वेगळ्या तालमीतला. मॉन्ट्रियलमध्ये वाढलेला, पीएचपीऐवजी ऑब्जेक्टिव्ह-सीमध्ये लिहिलेला. तो नुसती खिडकी सांभाळत नाही. कॅलेंडर, सामायिक पत्ते, आणि अ‍ॅक्टिव्हसिंकच्या जोरावर फोनमध्ये सगळं आपोआप पोचवणं, एवढं अंगावर घेतो. ज्या कार्यालयात बैठका जास्त आणि प्रत्येकाच्या हातात फोन, तिथे सोगोला घ्यावं, माझं काही म्हणणं नाही.

ज्यांना मुलाखती घ्यायच्याच नसतात त्यांच्यासाठी तयार संच मिळतात. मेल-इन-अ-बॉक्स घेतलं तर राउंडक्यूब सोबत येतो, मेलकाऊ घेतलं तर सोगो, आणि आयरेडमेल दोघांनाही दारात उभं करून 'निवडा' म्हणतं. म्हणजे निवड टळत नाही, ती दुसऱ्याने केलेली असते एवढंच.

मी सांभाळतो त्या लहानशा कार्यालयात राउंडक्यूब बसला, आणि बसल्या दिवसापासून शिव्या खाऊ लागला. खिडकीवरच्या माणसाचं नशीबच तसं. चूक मागच्या खोलीतली असो, रस्त्यावरची असो, की तुमच्या घरची, तोंड दिसतं त्याचंच. एका सोमवारी लेखा विभागातल्या बाई तणतणत आल्या.

"अहो, तुमच्या त्या वेबमेलने माझी सगळी पत्रं खाल्ली. शुक्रवारी इनबॉक्स भरलेला होता, आज एक नाही!"

"ताई, तो पत्रं खात नाही. त्याच्याकडे ठेवायलाच जागा नाही. घरी दुसरीकडे कुठे हा अकाउंट लावलाय का?"

"लावलाय की! मुलाने जुन्या कॉम्प्युटरवर करून दिलाय. पण तिथे मी नुसतं बघते."

डव्हकॉटचा लॉग उघडला. रविवारी दुपारची पॉप३ ची ओळ होती आणि तिच्या शेवटी 'डेल' समोर ३१/३१. म्हणजे घरच्या प्रोग्रामने एकतीस पत्रं उतरवून घेतली आणि एकतीसच्या एकतीस सर्व्हरवरून पुसून टाकली. पॉप३ ची जुनी रीत हीच, टपाल घरी न्यायचं आणि पोस्टातला खण रिकामा करायचा. 'सर्व्हरवर प्रत राहू द्या' या चौकटीत खूण नसली की तो प्रोग्राम इमानेइतबारे तेच करतो. घरच्या मशीनवर आयमॅप लावून दिला, पत्रं परत चढवली. बाईंनी त्या पांढऱ्या पानाकडे एकदा संशयाने पाहिलं आणि 'बरं' म्हणाल्या. राउंडक्यूबची माफी काही मागितली नाही.

दुसरं गाऱ्हाणं अटॅचमेंटचं. "पाच एमबीची पीडीएफ जात नाही, कसलं भिकार सॉफ्टवेअर आहे!" आता या एका फाइलला किती जणांच्या हाताखालून जावं लागतं ते बघा. वेब सर्व्हर एनजिनएक्स असेल तर तो मुळात एका एमबीच्या वरचं सामान दारातच अडवतो. त्याला समजावलं तर पीएचपीची मूळ मर्यादा दोन एमबी. तीही वाढवली तर पोस्टफिक्सची सवय १ कोटी २ लाख ४० हजार बाइटपर्यंतच पत्र घेण्याची. शिवाय मेलमधून जाताना फाइल बेस६४ मध्ये बांधावी लागते आणि तिचं वजन तिसऱ्या हिश्श्याहून जास्त वाढतं. म्हणजे पोस्टफिक्सच्या दहा एमबीतून हातात जेमतेम सात-साडेसात एमबीची फाइल. या तिघांच्या मर्यादा राउंडक्यूबने ठरवलेल्या नाहीत. पीएचपीची मर्यादा तो बिचारा वाचतो आणि पत्र लिहिण्याच्या पानावर 'जास्तीत जास्त एवढं' असं लिहूनही दाखवतो. एनजिनएक्सच्या मनात काय आहे ते त्याला कळत नाही, म्हणून तिथे अडलं की त्याचा चेहरा गोंधळलेला दिसतो. तिन्ही आकडे एका सुरात आणणं हे सर्व्हर सांभाळणाऱ्याचं काम. पाठवलेली पत्रं समोरच्याच्या स्पॅममध्ये पडतात, हे तिसरं गाऱ्हाणं तर त्याच्या खिडकीपासून कोसभर लांबचं. एसपीएफ, डीकिम, डीमार्क या पाठवणाऱ्याची ओळख पटवणाऱ्या नोंदी आणि आयपी पत्त्याची अब्रू, हा तो मामला. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने त्याचे नियम कडक केले, तरी बोलणी इथेच बसतात.

मराठी पत्राशी त्याचं वागणं पाहण्यासारखं आहे. मेलची जुनी रस्तेव्यवस्था इंग्रजी अक्षरांसाठी बांधलेली, त्यामुळे पत्राचा मराठी विषय तसाच्या तसा जात नाही. युनिकोडच्या यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह तीन-तीन बाइटचं, आणि ते तीन बाइट बेस६४ मध्ये चार इंग्रजी खुणांचे होतात. देवनागरीच्या तक्त्यातलं प्रत्येक चिन्ह, एकेकटं घेतलं तर, या वेषांतरात 'फोर-के-एस' किंवा 'फोर-के-डब्ल्यू' याच तीन खुणांनी सुरू होतं. चौथी खूण तेवढी बदलते. राउंडक्यूबमध्ये पत्राचा मूळ मजकूर दाखवण्याची सोय आहे. तिथे 'वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना' असा बेस६४ मध्ये आलेला घसघशीत विषय उघडून पाहिला तर निदान पहिल्या शब्दाच्या जागी फोर-के-एस, फोर-के-डब्ल्यू अशी माळ दिसते. शब्दांमधली मोकळी जागा एकाच बाइटची असल्याने पुढे तिची घडी विस्कटते. शिवाय नियम असा की एका तुकड्यात ७५ खुणांपेक्षा जास्त नकोत आणि कोणतंही अक्षर मध्येच तोडायचं नाही. म्हणून आपला लांबलचक सरकारी विषय एकाहून जास्त तुकड्यांत प्रवास करतो आणि पलीकडे पुन्हा जोडला जातो. हे तुकडे राउंडक्यूब नीट पाडतो आणि नीट जोडतो. जी पत्रं जुन्या, युनिकोडपूर्व मराठी फाँटमध्ये टाइप करून थेट चिकटवलेली असतात, ती तो जशीच्या तशी, म्हणजे अगम्य इंग्रजी खुणांत समोर ठेवतो. तिथे त्याचा इलाज नाही. ती लिपी नुसत्या फाँटच्या वेषात होती, फाँट मागेच राहिला.

या माणसाचं सगळ्यात जोखमीचं काम वेगळंच आहे. पत्र तुमच्या हातात देण्याआधी तो ते फोडून पाहतो. एचटीएमएलमधलं पत्र म्हणजे जवळपास एक वेबपान. त्यात कुणी काहीही दडवून पाठवू शकतं. राउंडक्यूब त्यातली स्क्रिप्ट काढतो, संशयास्पद गुणधर्म खरवडतो, बाहेरून येणारी चित्रं थांबवतो आणि वर एक पट्टी लावतो, की तुमच्या खासगीपणासाठी बाहेरचा मजकूर अडवला आहे, हवा तर दाखवतो. चित्रं का अडवायची, असं लोक विचारतात. कारण त्यांतलं एखादं बिंदूएवढं चित्र उतरलं की पाठवणाऱ्याला कळतं, तुम्ही पत्र उघडलंत, केव्हा आणि कुठून.

पण हे खरवडणं म्हणजे पोत्यातून एकेक खडा वेचणं, आणि एखादा खडा राहतोच. ऑक्टोबर २०२३ मध्ये असा एक राहिला. पत्राच्या एचटीएमएलमध्ये एसव्हीजी चित्राच्या आडून लपवलेला कोड राउंडक्यूबच्या चाळणीतून निसटत होता. 'विंटर व्हिव्हर्न' या हेरटोळीने तो युरोपातल्या सरकारी कार्यालयांवर वापरला. कुणी दुवा दाबायचा नव्हता, फाइल उतरवायची नव्हती. ब्राउझरमध्ये पत्र नुसतं उघडलं की आतला कोड चालू होऊन पत्रांच्या प्रती बाहेर जाऊ लागत. स्लोव्हाकियाच्या ईसेटच्या संशोधकांनी हे पकडून कळवलं आणि दोन दिवसांत दुरुस्ती तयार झाली. जून २०२५ मधली गोष्ट याहून मोठी. फाइल चढवण्याच्या पानावर एका साध्या मूल्याची तपासणीच होत नव्हती, आणि ती उणीव दहा वर्षांहून अधिक काळ तिथेच होती. कुठल्याही एका खात्याचा पासवर्ड हाती असला की त्या वाटेने सर्व्हरवर हवी ती आज्ञा चालवता येत होती. एक जूनला १.६.११ आणि १.५.१० या आवृत्त्यांतून दुरुस्ती आली. ती कशी केली आहे हे वाचून दोनच दिवसांत हल्लेखोरांनी हत्यार तयार केलं, आणि पुढच्या आठवड्यातही ८४ हजारांहून जास्त राउंडक्यूब जुन्याच आवृत्तीवर बसलेले मोजले गेले.

हे ऐकून कुणी म्हणेल, मग असल्याला ठेवलाच कशाला? मला यातून उलटं वाटतं. खिडकीवर बसणारा प्रत्येक जण परक्यांची पत्रं फोडणार, म्हणजे प्रत्येकाला कधी ना कधी असा दगा होणार. स्क्विरलमेल, होर्डे, रेनलूप, कोण सुटलं? फरक पडतो तो दगा झाल्याचं कळल्यावर कोण धावून येतं याने. रेनलूपच्या दारावर थाप मारली तर उत्तर नाही. राउंडक्यूबच्या दारावर मारली तर दोन दिवसांत दुरुस्ती. म्हणून अर्जदाराचा पोशाख मी शेवटी पाहतो. आधी पाहतो त्याच्या शेवटच्या चार आवृत्त्यांच्या तारखा आणि त्या प्रत्येकीत काय दुरुस्त केलं त्याची नोंद.

दोष त्याच्यात आहेतच. कॅलेंडर हवं तर वेगळं प्लगइन शोधा. दोन टप्प्यांचं लॉगिन हवं तर त्यासाठीही प्लगइन. प्लगइन बाहेरच्यांची, त्यामुळे याची आवृत्ती पुढे गेली की त्यातलं एखादं मागे राहतं आणि सकाळी पांढरं पान दाखवून बसतं. जीमेलची सवय झालेल्याला एका संवादातली सगळी पत्रं एका ढिगात हवी असतात. याची धाग्यांची मांडणी जुन्या वळणाची वाटते. पत्रांच्या पोटातला मजकूर शोधायला सांगितला आणि डव्हकॉटने त्याची सूची करून ठेवलेली नसेल, तर चहा पिऊन यायला हरकत नाही. मनाने मात्र तो सरळ आहे. काय येतं आणि काय येत नाही, दोन्ही त्याच्या चेहऱ्यावर दिसतं.

आणि मालकी कशाचीच नाही, असं मी वर म्हटलं तरी त्याचा स्वतःचा एक छोटा खण आहे. त्याच्या डेटाबेसात तुमचे पत्ते, तुमच्या सह्या, तुमच्या आवडीनिवडी असतात. पत्रं डव्हकॉटकडे. पत्रं आपोआप फोल्डरांत लावण्याचे नियमही डव्हकॉटकडेच, सीव्ह या भाषेत लिहिलेले. राउंडक्यूबच्या पडद्यावर ते तयार केले तरी ते जाऊन बसतात मागच्या खोलीत. निवड करताना हाच प्रश्न प्रत्येकाला विचारावा, की बाबा, तू स्वतःपाशी काय ठेवणार? जो जास्त ठेवतो त्याला उद्या काढणं अवघड.

याची परीक्षा घेणं सोपं आहे. एकाच सर्व्हरपुढे दोन खिडक्या उघडल्या, एकीत राउंडक्यूब, दुसरीत सोगो, आणि कार्यालयातल्या मंडळींना म्हटलं, हवी ती वापरा. एका खिडकीत पत्रावर निशाण लावलं की दुसरीत ते लागलेलं. इकडे वाचलं की तिकडे ठळक अक्षरं साधी झालेली. कुणाची सकाळ इथे, दुपार तिथे, आणि एकही पत्र इकडचं तिकडे करावं लागलं नाही. खटका उडाला तो फक्त पाठवलेल्या पत्रांवरून. जुन्या मेल प्रोग्रामांनी 'सेंट', 'सेंट आयटम्स', 'सेंट मेसेजेस' असे तीन-तीन फोल्डर करून ठेवले होते आणि प्रत्येकाची प्रत वेगळ्याच जागी. पाठवलेल्यांचा खण कोणता हे डव्हकॉटमध्ये एकदा खूण करून सांगितलं की दोन्ही कारकून निमूट तिथेच ठेवू लागले. स्वतःचा सर्व्हर ठेवण्यातलं खरं सुख मला या दोन खिडक्यांत दिसलं. मोठ्या कंपन्यांच्या फुकट मेलमध्ये खिडकी आणि गोदाम एकाच मालकाचं असतं. कारकून आवडला नाही तर आपल्यालाच बिऱ्हाड हलवावं लागतं. इथे बिऱ्हाड तसंच राहतं, कारकून बदलतो.

शेवटी मतं राउंडक्यूबच्या बाजूने पडली. फोनमध्ये कॅलेंडर हवंच असलेले दोघंच निघाले, त्यांची सोय वेगळी लागली. नेमणूक अर्थातच हंगामी, आणि अटी मी माझ्यासाठी लिहून ठेवल्या आहेत. पासवर्ड बदलणं, पत्रांचे नियम, जुनी पत्रं वर्षवार बाजूला ठेवणं, एवढ्यापुरतीच त्याच्या सोबतची प्लगइन. बाहेरचं एकही नाही. त्याच्या खणातले पत्ते दर रात्री पत्रांबरोबरच बॅकअपमध्ये. आणि सुरक्षेची दुरुस्ती आली की ती त्याच दिवशी बसवायची, सणवार न बघता. तिसरी अट पाळता येणार नसेल, तर स्वतःचा मेल सर्व्हर ठेवण्याची हौस सोडून द्यावी, ते जास्त प्रामाणिक. एक जूननंतर आठवडाभर जुन्या आवृत्तीवर बसलेल्या त्या ८४ हजारांत दोष कारकुनाचा नव्हता. त्याची दुरुस्ती आलेली होती. बसवणारा जागेवर नव्हता.